मैदानाबाहेरची बारा वर्षं



तुझा फोनवरचा निरोप ऐकला, परत लावून ऐकला, आणि उत्तर द्यायला कागदच घेतला. कारण फोनवर तू नुसतं "हो गं आजी" म्हणत राहतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं. पहाटेची वेळ आहे, खाली गल्लीत दूधवाल्यांची ये-जा सुरू झाली आहे, तूही तिकडे पुण्यात आता मैदानावर निघाली असशील. शाळेत असल्यापासून गजराच्या आधी उठून, कुणाची झोप मोडू नये म्हणून बूट हातात धरून अनवाणी जिना उतरणारी पोर तू. वसतिगृहात रात्री कितीही गप्पा रंगल्या तरी ती सवय मोडू देऊ नकोस, एवढं आधी सांगते आणि मग मुद्द्याला येते.

तू म्हणतेस, पदवीचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून कोल्हापूरला परत येते, एकविसावं पूर्ण झालं की महापालिकेला उभी राहते. पेठेत सगळे ओळखतात, शाहू स्टेडियमवर सामना असला की माणसं माझं नाव घेऊन ओरडतात, मग वाट कशाची बघायची? बाळ, तुझ्या हेतूबद्दल मला तीळमात्र शंका नाही. पुराच्या वर्षी कुणी न सांगता शेजारपाजारच्या घरांतला चिखल उपसायला गेलेली तू, तुझं मन मला नव्यानं ओळखायला नको. काळजी वाटते ती फक्त घाईची. म्हणून तुला फुटबॉलपटू जॉर्ज वेआंची गोष्ट सांगते. त्यांचा तो व्हेरोनाविरुद्धचा गोल तूच मला दाखवला होतास ना? १९९६ सालचा सप्टेंबर, मिलानचं सान सिरो मैदान, समोरच्या संघाच्या कॉर्नरवर चेंडू यांच्या पायाशी आला तो स्वतःच्याच गोलसमोर, आणि तिथून निघाले ते सबंध मैदान पार करून गोल मारूनच थांबले. तू म्हणालीस, बघ आजी, कुणाला पाससुद्धा दिला नाही! तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आले, आणि गोलापेक्षा त्यांच्या पुढच्या आयुष्यातच माझा जीव अधिक गुंतला.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लायबेरिया नावाचा लहानसा देश आहे, लोकसंख्या अर्ध्या कोटीच्या आसपास. अमेरिकेतून परतलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी तिथं वसाहत केली आणि १८४७ साली ते प्रजासत्ताक झालं. राजधानी मनरोव्हिया. तिथं क्लारा टाउन म्हणून दलदल बुजवून उभी राहिलेली गरिबांची वस्ती आहे, तिथं हा मुलगा वाढला. जन्म १९६६ चा. आई-वडील वेगळे झालेले, पोराला सांभाळलं ते आजीनं, एमा तिचं नाव; आणि तो एकटाच नव्हता, मुलांचा मोठा गोतावळा होता तिच्या पदरी. त्या एमाबाईंबद्दल फारसं कुठं लिहिलेलं सापडत नाही गं, पण एवढ्या तोंडांना रोज जेवू घालायचं म्हणजे काय, हे मला कुणी वेगळं सांगायला नको, आणि म्हणून जगातल्या सगळ्या बक्षीससमारंभांपेक्षा त्या बाईंपाशीच माझं मन रेंगाळतं.

शाळा अर्धवट सुटली. टेलिफोन खात्यात स्विचबोर्ड तंत्रज्ञाची नोकरी करता करता मुलगा गावातल्या क्लबांकडून खेळत होता. मग शेजारपाजारच्या देशांतून बोलावणी आली, कॅमेरूनमध्ये याउंदेच्या क्लबात गेला, तिथं क्लोद ल रुआ या फ्रेंच प्रशिक्षकांच्या नजरेत भरला, त्यांनी मोनॅकोच्या आर्सेन वेंगरना कळवलं आणि १९८८ मध्ये वेंगरनी त्याला युरोपात नेलं. मोनॅको, मग पॅरिस, मग मिलान. १९९५ साली बलोन दॉर आणि फिफाचा सर्वोत्तम खेळाडूचा मान हे दोन्ही एकाच वर्षी मिळाले; आजवर आफ्रिकेच्या दुसऱ्या कुणा खेळाडूला या दोहोंपैकी एकही मिळालेला नाही. फिफाच्या समारंभात यांनी वेंगरना मंचावर बोलावून आपलं पदक त्यांच्या हाती दिलं, आणि तेवीसेक वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांना मनरोव्हियाला बोलावून देशाचा सर्वोच्च सन्मान दिला. ही गोष्ट वाचली तेव्हा तुझ्या पहिल्या सरांची आठवण झाली. सुट्टीत आलीस की त्यांना भेटून ये. ते विचारत असतात.

पण ज्या काळात जग यांना डोक्यावर घेत होतं, त्याच काळात घरी देश जळत होता. १९८९ च्या डिसेंबरात यादवी सुरू झाली, मधे थोडी थांबून पुन्हा पेटली ती २००३ पर्यंत. अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली असं सांगतात, पोरांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या. वेआ तेव्हा मिलानमध्ये सुखात राहू शकले असते. पण देशाच्या संघाकडे कपड्यांना पैसे नव्हते, विमानाच्या तिकिटांना पैसे नव्हते, तो सगळा खर्च ते स्वतःच्या कमाईतून करत राहिले. खेळायचे, कप्तानी करायचे, पुढे प्रशिक्षकाचंही काम पाहिलं. २००२ च्या विश्वचषकाला तो संघ पोचणार होता, नायजेरियापेक्षा एक गुण कमी पडला. एकच गुण! तू अशा हरण्यानंतर दोन दिवस जेवत नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते.

काटकसर म्हणजे चिक्कूपणा नव्हे, हे तुला सांगायची गरज नाही. खाऊचे पैसे साठवून स्वतःचे बूट घेतलेस आणि जुने बूट धुऊन, नव्या नाड्या घालून धाकट्या मुलीला दिलेस, तेव्हाच मला कळलं होतं की हिला पैशाचं मोल कळतं आणि पैशाची हावही नाही. लोकांचा पैसा हाताळायचा असेल तर याहून मोठी तयारी नाही, पण ही एकच तयारी पुरतही नाही. ते कसं, तेच आता सांगते.

१९९६ मध्येच वेआंनी संयुक्त राष्ट्रांनी लायबेरियात हस्तक्षेप करून शांतता आणावी असं जाहीरपणे सांगितलं. बोलणं खरं होतं. त्याची किंमत मात्र घरच्यांनी मोजली. मनरोव्हियातलं त्यांचं घर जाळलं गेलं, नात्यातल्या बायकांवर अत्याचार झाले. त्यानंतर कुणीही गप्प बसलं असतं तरी मी त्याला नाव ठेवलं नसतं. हे गप्प बसले नाहीत, पण वाट बदलली. १९९७ पासून युनिसेफचे सदिच्छादूत म्हणून ते मुलांच्या लसीकरणाबद्दल, एड्सबद्दल, बंदुका खाली ठेवलेल्या मुलांना हातचं काम शिकवण्याबद्दल बोलू लागले. राजदूताचं काम म्हणजे सुटाबुटातल्या मेजवान्या असं तुला वाटत असेल, तर हे दूतपण बघ. ज्या मुलानं माणसं मारली त्याच्याशेजारी बसायचं आणि तू आता सुतारकाम शिकतोस का, असं विचारायचं.

त्याच १९९६ मध्ये अजून एक प्रसंग घडला, तोही लपवत नाही. पोर्तोविरुद्धच्या सामन्यानंतर बोगद्यात यांनी एका खेळाडूचं नाक डोक्याच्या धडकेनं फोडलं. त्यानं वर्णावरून अपमान केला असं यांचं म्हणणं, त्यानं ते नाकारलं. सहा सामन्यांची बंदी आली. त्याच वर्षी फिफानं एरवीच्या वागण्यासाठी त्यांना खिलाडूवृत्तीचा पुरस्कारही दिला. चांगला माणूस एका क्षणात असा हातातून जातो गं. मैदानावर तुला कुणी घाणेरडं बोललं की तुझी कानशिलं तापतात, ते मी गॅलरीतून पाहिलं आहे. तेव्हा आधी पंचांकडे जा. पाणी पी.

आता २००५. युद्ध संपलं, निवडणूक जाहीर झाली, आणि वेआ थेट राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. तुझ्यासारखाच विचार केला असणार, की सगळा देश ओळखतो, तरुण पोरं नाव घेऊन रस्त्यावर नाचतात, मग वाट कशाची बघायची. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होते, २८ टक्के मतं. दुसऱ्या फेरीत समोर एलन जॉन्सन सरलीफ. हार्वर्डमध्ये शिकलेल्या, जागतिक बँकेत आणि संयुक्त राष्ट्रांत काम केलेल्या, तुरुंगवास भोगलेल्या बाई. प्रचारात प्रश्न आला शिक्षणाचा. वेआंनी दाखवलेली पदवी मान्यता नसलेल्या संस्थेची निघाली. तिथं मला वाईट वाटलं, कारण माणूस खोटा नव्हता, नुसता घाईत होता, आणि घाईत हाताला लागलेला कागद त्यांनी पुढे केला. सुमारे ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी ते हरले. आधी निकालावर आरोप केले, पाठीराखे रस्त्यावर आले, नंतर तक्रार मागे घेतली.

सरलीफबाई आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. इथं आपल्याकडचा एक धागा जुळतो, तो तुला आवडेल. २००७ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं फक्त महिलांचं पोलीस पथक जगात पहिल्यांदा कुठं गेलं असेल तर लायबेरियात, आणि ते पथक होतं भारताच्या सीआरपीएफचं. २०१६ पर्यंत या मुली पाळीपाळीनं तिथं राहिल्या, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा दिला, रात्रीची गस्त घातली, आणि त्यांना बघून लायबेरियातल्या मुलीही पोलिसात यायला लागल्या.

वेआंनी हरल्यावर जे केलं ते मला त्यांच्या सगळ्या गोलांपेक्षा प्रिय आहे. ते शाळेत गेले. चाळिशी गाठलेला, जगभर सही मागितला जाणारा माणूस अमेरिकेत जाऊन आधी राहिलेलं शालेय शिक्षण पुरं करतो, मग फ्लोरिडात डिव्राय विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतो, मग लोकप्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासही करतो. वर्गातली मुलं त्यांच्या निम्म्या वयाची असतील. कल्पना कर, किती अवघडल्यासारखं होत असेल पहिल्या बाकावर बसताना! या वर्षांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात घडत नाही काही. पण विरजण लावलेलं भांडं सारखं हलवून पाहिलं तर दही लागत नाही, हे तुला आपल्या स्वयंपाकघरात मीच शिकवलं आहे.

२०११ मध्ये ते परत मैदानात आले तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांनी विन्स्टन टबमन यांना दिली आणि स्वतः उपाध्यक्षपदाला उभे राहिले. हरले. दुसऱ्या फेरीवर त्यांच्या पक्षानं बहिष्कार टाकला, तो मला पटला नाही. मतपेटीकडे पाठ फिरवून लोकांचं भलं होत नाही. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, लायबेरियात हजारो माणसं गेली, तेव्हा यांनी घानाच्या कलावंतांना घेऊन हात धुण्याबद्दल, आजार लपवू नका म्हणून गाणं काढलं. त्याच साथीमुळे लांबलेली सिनेटची निवडणूक डिसेंबरात झाली, आणि मनरोव्हियाच्या परगण्यातून ते ७८ टक्के मतांनी निवडून आले, समोर खुद्द राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव होते. सिनेटमध्ये ते फार बोलले नाहीत, उपस्थितीही कमी, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती.

मग २०१७. पहिली फेरी जिंकली, दुसऱ्या फेरीची तारीख ७ नोव्हेंबर ठरली, आणि दुसऱ्या एका पक्षाच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयानं मतदानच थांबवलं. २००५ मध्ये रस्त्यावर आलेले पाठीराखे तेच, पण या वेळी सात आठवडे सगळा देश थांबून राहिला. २६ डिसेंबरला मतदान झालं, वेआंना ६१ टक्क्यांहून अधिक मतं पडली. २२ जानेवारी २०१८ ला मनरोव्हियातल्या फुटबॉलच्या स्टेडियमवरच त्यांनी शपथ घेतली. निवडून आलेल्या एका राष्ट्राध्यक्षानं दुसऱ्याच्या हाती शांतपणे सत्ता द्यावी, असं त्या देशात १९४४ नंतर पहिल्यांदाच घडत होतं.

कायदेमंडळापुढच्या पहिल्याच भाषणात त्यांनी स्वतःचा पगार २५ टक्के कमी केला. त्याच वर्षी सरकारी विद्यापीठांतलं पदवीचं शिक्षण निःशुल्क केलं. ज्याला स्वतःला पदवीसाठी चाळिशी उलटेपर्यंत थांबावं लागलं त्यानं हे आधी करावं, यात मला फार समाधान वाटलं. लायबेरियाच्या राज्यघटनेत नागरिकत्व फक्त कृष्णवर्णीयांनाच, असं कलम आहे. ते वर्णभेदी आहे, काढून टाका, असं स्वतःच्याच लोकांना सांगायचं धाडस त्यांनी केलं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवणाऱ्या लेबनीज कुटुंबांच्या आणि आपल्या भारतीय व्यापाऱ्यांच्याही जिव्हाळ्याची ती बाब होती. लोकांनी ऐकलं नाही, कलम तसंच राहिलं. २०२० मध्ये बायकांवरच्या अत्याचारांविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा बलात्कार ही राष्ट्रीय आणीबाणी आहे असं त्यांनी जाहीर केलं.

आणि तरीही, बाळ, कारभार त्यांना जमला असं मी म्हणणार नाही. महागाई वाढत गेली, २०१९ च्या जूनमध्ये हजारो माणसं रस्त्यावर आली, जवळच्या अधिकाऱ्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप झाले आणि २०२२ मध्ये अमेरिकेनं त्यातल्या तिघांवर निर्बंध घातले. सत्तेवर येताच स्वतःच्या इमारती बांधायला काढल्या हेही लोकांना खटकलं. २०२२ च्या अखेरीस ते दीड महिन्याहून अधिक काळ देशाबाहेर होते. त्यातले काही दिवस कतारला, जिथं त्यांचा मुलगा टिमोथी अमेरिकेकडून विश्वचषक खेळत होता आणि वेल्सविरुद्ध त्यानं गोलही केला. जो विश्वचषक बापाला कधी मिळाला नाही तिथं लेकाला बघायला तो गेला, त्याबद्दल आजी म्हणून माझ्या तोंडून वाईट शब्द निघत नाही. पण घरी तांदळाचे भाव चढलेले असताना दीड महिना बाहेर राहणं चुकलंच. बारा वर्षं शिकून, हरून, वाट बघून आलेल्या, माणसांवर जीव असलेल्या माणसालाही हे काम एवढं जड गेलं.

२०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा तेच जोसेफ बोआकाई समोर होते ज्यांना २०१७ मध्ये हरवलं होतं. मतांतलं अंतर वीस हजारांच्या आसपास. बोआकाईंना ५०.६४ टक्के, वेआंना ४९.३६. एवढ्या कमी फरकात तक्रारी करायला, फेरमोजणी मागायला, पोरांना रस्त्यावर उतरवायला पुष्कळ जागा असते, आणि आजूबाजूच्या देशांत तेव्हा लष्करानं एकामागून एक सरकारं उलथवलेली होती. शेवटची मोजणी पुरी व्हायच्या आत, शुक्रवारी रात्री, वेआ रेडिओवर आले. पक्ष हरला आहे पण देश जिंकला आहे, अशा अर्थाचं बोलले, आणि बोआकाईंना फोन करून अभिनंदन केल्याचं सांगितलं. २००५ मध्ये जे कबूल करायला आठवडे लागले होते ते या वेळी काही दिवसांतच कबूल केलं. त्या रात्री मनरोव्हियात किती घरांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, याचा विचार करून माझे डोळे भरून आले होते.

म्हणून तुला मी नको म्हणत नाही, हे नीट वाच. उभी राहा. तुझ्यासारख्या मुली नाहीत म्हणून तर मैदानं पार्किंगला जातात. फक्त दुसरं वर्ष पुरं कर, तिसरं कर, आणि तोवर एक काम हातात घे, त्याला कॉलेज सोडावं लागत नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक मिळव. आपल्या प्रभागातून घरफाळा किती जमतो, पाणीपट्टी किती, त्यातले ड्रेनेजला किती जातात आणि क्रीडांगणांना किती, एवढं शोधून वहीत लिही. पहिल्या वाचनात काही कळणार नाही, दुसऱ्यात थोडं कळेल. दिवाळीला येशील तेव्हा ती वही बरोबर आण, आपण दोघी बसू. मला आकडे समजतात, चष्मा तेवढा आठवणीनं शोधून दे.

आजोबा विचारतात, डावा गुडघा कसा आहे. दुखत असेल तर त्यावर पट्टी बांधून खेळू नकोस, डॉक्टरांना दाखव, आणि ते म्हणतील तितके दिवस बस.

तुझी,
आजी